इंग्रजी साहित्यातील आधुनिकता आणि नंतरचे प्रवाह

(संस्थेच्या शिक्षक अभ्यासमंडळात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे वाढवून लिहून काढले आहे.)



अभ्यासमंडळाच्या चिटणिसांनी हा विषय माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी बी.ए., बी.एड. झालेला, दिवसाला सहा तास घेणारा शिक्षक. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला कॉलेजचे एखादे प्राध्यापक बोलवावेत असे मी सुचवले. त्यावर चिटणीस म्हणाले, "प्राध्यापक येतील, उत्तम बोलतील आणि पाचच्या एस्टीने निघून जातील. तुम्ही उद्याही इथेच असाल. काही चुकलेत तर उद्या विचारता तरी येईल." हा मुद्दा मला खोडता आला नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. बी.ए.ला इंग्रजी साहित्याचा जो पेपर मला होता, त्यात आजचा सगळा विषय येत होता. मी तो गाईडवरून केला. आधुनिकतावादाची व्याख्या, त्याची सहा वैशिष्ट्ये, प्रमुख लेखक व त्यांच्या कृती. मग प्रतिमावाद, संज्ञाप्रवाह, ॲब्सर्ड नाटक, उत्तर-आधुनिकता, वसाहतोत्तर साहित्य. प्रत्येकाखाली पाच-पाच ओळी. त्या मी पाठ केल्या आणि मार्क चांगले मिळाले. टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या कवितेवर मी दोन पाने उत्तर लिहिले होते, आणि ती कविता मी तोपर्यंत उघडूनही पाहिली नव्हती. पुढे शिक्षक झाल्यावर इंग्रजी विषय घेऊन पुढे शिकणारी आपली मुले अडचणी घेऊन घरी येत, तेव्हा त्याच पाच-पाच ओळी मी त्यांनाही लिहून देत असे. त्यांनाही मार्क मिळत. काही वर्षे हे असे सुरळीत चालले होते. ते कशामुळे थांबले ते पुढे सांगेन.

या नावांविषयी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. ती बहुधा मागाहून आलेली असतात, आणि पुष्कळदा ती लेखकाने ठेवलेली नसतात. १९५४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात सहीविना एक लेख आला. त्यात काही तरुण कवी-कादंबरीकारांना मिळून 'द मूव्हमेंट' म्हटले होते. लेख संपादकीय खात्यातल्याच माणसाने लिहिला होता. ज्यांना हे नाव मिळाले त्यांच्यातल्या काहींना आपण कोणत्या चळवळीत आहोत याचा पत्ताही नव्हता. आज परीक्षेत त्यावर टिपा लिहा म्हणून प्रश्न येतो. तेव्हा नावांची यादी बाजूला ठेवून मी एका आगबोटीपासून सुरुवात करतो. या खाडीपट्टीत ज्या घरातला कोणी ना कोणी बोटीवर गेला नाही असे घर क्वचितच सापडेल, त्यामुळे आपल्याला ते जड जाणार नाही.

१८८० साली 'जेद्दा' नावाची एक आगबोट सिंगापूरहून पेनांगमार्गे जेद्दाह बंदराकडे निघाली. बोटीवर नऊशेहून अधिक हजयात्रेकरू होते. आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळी हवेत बोटीत पाणी शिरू लागले, तेव्हा कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी यात्रेकरूंना तसेच टाकून होडीत बसून निघून गेले. वाटेत दुसऱ्या एका आगबोटीने त्यांना उचलले व एडनला पोचवले. जहाज बुडाले, असे त्यांनी तिथे सांगितले. आणि दुसऱ्याच दिवशी 'जेद्दा' एका तिसऱ्या आगबोटीच्या दोराला बांधलेली, यात्रेकरूंसह, एडनच्या बंदरात येऊन ठेपली. चौकशी झाली. वर्तमानपत्रांत गवगवा झाला. पूर्वेकडच्या बंदरांत ही हकीकत पुढे वर्षानुवर्षे सांगितली जात होती, आणि तिथे ती जोसेफ कॉनरॅडच्या कानावर आली.

हा कॉनरॅड इंग्रज नव्हे. १८५७ साली आज युक्रेनमध्ये असलेल्या गावी, पोलिश आईबापांच्या पोटी तो जन्मला. मायभाषा पोलिश, मग फ्रेंच, आणि वयाच्या विशीनंतर ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून काम करता करता शिकलेली इंग्रजी. म्हणजे इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा. ते करताना तो मुंबईलाही आला होता. १८८४ साली 'नार्सिसस' या जहाजावर तो मुंबईच्या बंदरात चढला, आणि पुढे त्या जहाजाला त्याने एका कादंबरीत अमर केले. त्याचे इंग्रजी उच्चार शेवटपर्यंत परकेच राहिले. पण लिहिताना त्याने जी इंग्रजी लिहिली ती पाहून इंग्रज लेखक चकित झाले. आपल्या मुलांना घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी, म्हणून आपण हळहळतो. हळहळायचे कारण नाही असे मी म्हणत नाही. पण कॉनरॅडचा दाखला वर्गात जरूर द्यावा.

१९०० साली त्याची 'लॉर्ड जिम' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. जहाजाचे नाव त्याने 'पाटणा' केले आणि आठशे यात्रेकरू ठेवले. जिम हा त्यावरचा एक तरुण, देखणा, शूर म्हणवून घ्यायची आस असलेला अधिकारी. रात्री समुद्र शांत असताना जहाज कशावर तरी घासते. यात्रेकरू झोपलेले आहेत. कप्तान व इतर गोरे लोक होडी सोडतात, आणि जिमही अखेर उडी मारतो. आता जुन्या पद्धतीचा कादंबरीकार काय करील? जहाज निघाले, आपत्ती आली, जिमने उडी मारली, जहाज वाचले, जिम पस्तावला, असे क्रमाने सांगत जाईल. कॉनरॅड तसे करीत नाही. आपत्तीच्या क्षणी तो गोष्ट सोडतो आणि एकदम चौकशीच्या कचेरीत नेतो. पुढे मार्लो नावाचा दुसराच एक दर्यावर्दी रात्री जेवणानंतर मित्रमंडळींत बसून ती हकीकत सांगू लागतो. त्याला काही जिमने सांगितलेले आहे, काही एका फ्रेंच अधिकाऱ्याकडून कळलेले आहे, काही तर्काने जुळवलेले आहे. जहाज बुडालेच नव्हते ही मुख्य गोष्ट वाचकाला पुष्कळ उशिरा, बोलता बोलता कळते.

गाईडमध्ये याला 'कालक्रमाचा भंग' आणि 'दृष्टिकोनांची विविधता' असे म्हटले आहे. वास्तविक पाहता यात विचित्र असे काहीच नाही. गावात एखादा तंटा झाला की आपल्याला तो कसा कळतो? आधी निकाल कळतो. मग एकजण येऊन एक बाजू सांगतो, दुसरा म्हणतो असे नव्हतेच. महिन्याने कोणी तरी लग्नाच्या पंगतीत एक बारीकसा तपशील बोलून जातो आणि सगळे चित्र पालटते. सर्व काही जाणणारा, वरून पाहणारा निवेदक हीच खरी कृत्रिम गोष्ट होती. आपण वाचून वाचून तिला सरावलो होतो. जिम भित्रा होता की नव्हता हे एका वाक्यात सांगता आले असते तर कॉनरॅडने सांगितले असते. ते तसे सांगता येत नाही, म्हणून गोष्ट मोडून सांगावी लागली. आधुनिकतावाद म्हणून जे म्हणतात त्याची किल्ली, माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, इथे आहे.

पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमच्या आघाडीवर १९,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. शाळेत ज्या देशभक्तीच्या कविता पाठ करून ही मुले खंदकात गेली होती, त्या कवितांची भाषा परत आलेल्यांच्या तोंडी बसेना. हे नुसते वाङ्मयीन मतपरिवर्तन नव्हे. शौर्य, त्याग, कीर्ती हे शब्दच जणू नासले होते. नवे शब्द कुठून आणायचे हा प्रश्न होता.

१९२२ साल या दृष्टीने मोठे मानतात. त्या वर्षी फेब्रुवारीत जेम्स जॉइसची 'युलिसिस' पॅरिसमध्ये एका पुस्तकविक्रेतीने छापून काढली. डब्लिन शहरातला १६ जून १९०४ हा एकच दिवस सात-आठशे पानांत. आणि ऑक्टोबरात एलियटची 'द वेस्ट लँड' आली. जॉइस आयरिश होता, एलियट अमेरिकन. एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत परदेशी व्यवहारांच्या खात्यात नोकरी करीत होता. दिवसभर हिशेब आणि रात्री कविता असा त्याचा क्रम होता. प्रकृती ढासळली तेव्हा रजा घेऊन त्याने कवितेचा बराच भाग लिहिला आणि कागद एझ्रा पाउंडच्या हाती दिले. पाउंडही अमेरिकन. त्याने पेन्सिल घेऊन ती जवळजवळ निम्मी छाटली. तो कच्चा खर्डा पुष्कळ वर्षे हरवला आहे असेच सर्व समजत होते. १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात असल्याचे जाहीर झाले आणि १९७१ मध्ये जसाच्या तसा छापला गेला. आपल्यापैकी जे निबंध तपासतात त्यांनी तो अवश्य पाहावा. कापलेला मजकूर वाईट नाही, काही ठिकाणी चांगला गमतीदार आहे. पण पाउंडने काय कापले? एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना वाचकाचा हात धरणाऱ्या बऱ्याचशा ओळी गेल्या. 'तेव्हा', 'म्हणून', 'इकडे' हे सांधे गेले. ती कविता दुर्बोध वाटते त्याचे अर्धे कारण हे आहे. शब्द फारसे कठीण नाहीत, मधल्या पायऱ्या काढून घेतल्या आहेत. रेडिओचे बटण फिरवताना एका स्टेशनावरून दुसऱ्यावर जावे तशी ती ऐकावी लागते. ती मी पहिल्यांदा मोठ्याने वाचली तेव्हा अर्थ कळायच्या आधी निरनिराळ्या माणसांचे आवाज कळले, आणि मग भीती गेली.

त्या कवितेच्या शेवटी टिपा आहेत. परीक्षार्थी त्यांच्यावर तुटून पडतात. त्या टिपांची हकीकत अशी की कविता पुस्तकरूपाने काढताना पाने फारच थोडी भरू लागली, म्हणून एलियटने त्या वाढवल्या. १९५६ सालच्या एका व्याख्यानात त्याने स्वतःच हे सांगितले आणि लोकांना भलत्याच शोधाला लावल्याबद्दल हळहळही व्यक्त केली. गाईडवर पास झालेल्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकता.

मराठीत हीच तक्रार बा. सी. मर्ढेकरांविषयी झाली. मर्ढेकर इंग्लंडमध्ये शिकून आले होते, एलियट त्यांनी पचवला होता. १९४७ साली त्यांचा 'काही कविता' हा संग्रह आला तेव्हा दुर्बोध म्हणून आणि अश्लील म्हणून गदारोळ उठला. खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले. त्याच्याही आधी, १९४२ साली, 'रात्रीचा दिवस' या कादंबरीत त्यांनी संज्ञाप्रवाहाची पद्धत मराठीत वापरून पाहिली होती. आपल्या संज्ञाप्रवाहाच्या टिपणात मुले व्हर्जिनिया वुल्फचे नाव लिहितात, मर्ढेकरांचे कोणी लिहीत नाही.

व्हर्जिनिया वुल्फविषयी मात्र चार शब्द अधिक बोलले पाहिजेत. तिने व तिच्या नवऱ्याने १९१७ साली घरातल्या खोलीत एक छोटे हातछपाईचे यंत्र मांडले आणि 'होगार्थ प्रेस' सुरू केला. 'द वेस्ट लँड'च्या इंग्लंडमधल्या पहिल्या आवृत्तीचे खिळे तिने स्वतःच्या हाताने जुळवले. 'युलिसिस'चे बाड तिच्याकडे आले होते. एवढे मोठे पुस्तक आमच्या यंत्रावर होणार नाही म्हणून तिने परत केले, आणि पुढे वाचले तेव्हा तिला ते फारसे आवडलेही नाही. टिपणात आपण ज्यांना एका कंसात बसवतो ती माणसे एकमेकांना मानत होतीच असे नाही. १९२५ सालच्या 'मिसेस डॅलोवे' या कादंबरीत एका बाईचा एक दिवस आहे. सकाळी फुले आणायला बाहेर पडते, रात्री घरी मेजवानी. बाहेर विशेष काही घडत नाही, आत सगळे आयुष्य घडून जाते. त्याच शहरात युद्धातून परतलेला एक सैनिक वेडाच्या काठावर फिरतो आहे. त्या दोघांची भेट कधी होत नाही. आमच्या एका शिक्षिका भगिनीला मी ही कादंबरी मराठीतून सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "यात समजायला अवघड काय आहे? चूल सांभाळताना बाईचं असंच तर चालतं." पन्नास पानांच्या समीक्षेत मला जे सापडले नव्हते ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितले.

याच होगार्थ प्रेसने १९४० साली 'ट्वायलाइट इन दिल्ली' ही कादंबरी काढली. लेखक अहमद अली, उर्दूचे कथाकार. 'अंगारे' या १९३२ च्या संग्रहातले एक. तो संग्रह सरकारने जप्त केला होता. जुन्या दिल्लीतल्या मीर निहाल यांच्या घराची ती गोष्ट: कबुतरे, गल्ल्या, लग्ने, मरणे, आणि एका शहराची ओसरत चाललेली शान. लंडनच्या छापखान्याला त्यातला काही मजकूर सरकारविरोधी वाटला व काम अडले. मोठ्या लेखकांनी मध्ये पडून ते सोडवले. आपल्या वाचनालयात याची उर्दू प्रत तरी असावी अशी माझी चिटणिसांना विनंती आहे.

आता पुढचे प्रवाह. तिसाव्या दशकातले ऑडेन वगैरे कवी मी घाईने ओलांडतो, त्यांच्यावर इथे बोलायला माझे वाचन अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड रेशनवर जगत होते. नव्या पिढीला एलियट-पाउंडचा पसारा परवडेना. फिलिप लार्किन हा त्यांचा मुख्य कवी. १९५५ पासून १९८५ साली मरेपर्यंत तो हल विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. साधी वाक्ये, ठरीव वृत्ते, आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी सामान्य माणसे. आधुनिकतावाद्यांनी कविता वाचकापासून तोडली आणि प्राध्यापकाच्या स्वाधीन केली, असा त्याचा राग होता. मला हा राग बराचसा पटतो. मात्र लार्किनच्या साध्या ओळीत जी हुरहुर आहे ती एलियटच्या आधीच्या इंग्रजी कवितेत तशी सापडली नसती, हेही खरे. त्याच सुमारास, ८ मे १९५६ रोजी, जॉन ऑस्बर्नचे 'लुक बॅक इन अँगर' रंगभूमीवर आले. पदवी घेऊन बाजारात मिठाईचे दुकान चालवणारा नायक, आणि पडदा वर जातो तेव्हा इस्त्री करीत उभी असलेली त्याची बायको. ड्रॉइंगरूममधल्या नाटकांना चटावलेल्या प्रेक्षकांना त्या इस्त्रीचाच धक्का बसला असे म्हणतात. शिकून बेकार राहिलेल्या तरुणांची चिडचिड आपल्याकडे काही नवी नाही, तेव्हा यावर अधिक बोलत नाही.

सॅम्युएल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चे तसे नाही. बेकेट आयरिश. त्याने हे नाटक आधी फ्रेंचमध्ये लिहिले. परक्या भाषेत लिहिले की भाषेचा नखरा आपोआप गळतो असे त्याचे म्हणणे. दोन कफल्लक माणसे एका झाडाखाली कोणा गोदोची वाट पाहतात, तो येत नाही. दुसऱ्या अंकात पुन्हा तेच. १९५५ साली लंडनमध्ये ते झाले तेव्हा काही प्रेक्षक उठून गेले. आणि १९५७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात १,४०० कैद्यांपुढे त्याचा प्रयोग झाला. नाटकात बाईचे पात्र नाही, म्हणून तुरुंगासाठी सोयीचे, एवढाच त्या निवडीमागे मुख्य विचार होता. नटांना धास्ती होती की कैदी गोंधळ घालतील. कैदी शेवटपर्यंत स्तब्ध बसून राहिले. जे विद्वानांना दुर्बोध होते ते त्यांना सांगावे लागले नाही. वाट पाहणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

उत्तर-आधुनिकता म्हणून जे पुढे आले त्यात लेखक मध्येच येऊन 'ही गोष्ट मी रचली आहे' असे सांगतो, एकाच कादंबरीला दोन-दोन शेवट देतो. जॉन फाउल्सच्या १९६९ च्या 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन'मध्ये हे आहे. मला स्वतःला हा खेळ फार वेळ रुचत नाही. पण त्याच वर्षी बी. एस. जॉन्सनने 'द अनफॉर्च्युनेट्स' ही कादंबरी बांधणीशिवाय, एका खोक्यात २७ सुट्या भागांत काढली. पहिला व शेवटचा भाग तेवढा ठरलेला, मधले वाचकाने पत्त्यांसारखे पिसून हवे तसे वाचावेत. प्रथम मला हा चावटपणा वाटला. मग कळले की फुटबॉलच्या सामन्याची बातमी द्यायला एक माणूस एका शहरात जातो, आणि कर्करोगाने गेलेला त्याचा मित्र त्याच शहरात राहत असे. त्या मित्राच्या आठवणी दिवसभर येत राहतात. माझे वडील गेले त्यानंतरचे दोन महिने मला आठवतात. आठवणी कुठल्या क्रमाने येत होत्या हे मी सांगू शकत नाही. दवाखाना आधी, मग एकदम त्यांनी मला सायकल शिकवली तो रस्ता, मग पुन्हा दवाखाना. खोके का, ते मला तेव्हा पटले.

आता परत त्या बोटीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी दिवशी अकरावीच्या वर्गात मुले थोडी होती, म्हणून मी 'लॉर्ड जिम'ची गोष्ट सांगितली. जिमची घालमेल, त्याची उडी, आयुष्यभराचा पश्चात्ताप, सगळे रंगवून सांगितले. गोष्ट संपल्यावर एका मुलीने हात वर केला. तिने विचारले, "सर, ते झोपलेले लोक कोण होते? त्यांतल्या एकाचंही नाव का नाही?"

ती कादंबरी मी तोपर्यंत तीनदा वाचली होती. 'जेद्दा' बोटीची मूळ हकीकतही मला ठाऊक होती. माझे पणजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले होते. मुंबईची हजची बोट १९९५ पर्यंत चालू होती, आमच्या घरात तिच्या गोष्टी सांगणारी माणसे होती. आणि तरीही हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी जिमच्या होडीत बसून ती कादंबरी वाचली होती. माझ्या टिपा तिथे थांबल्या.

घरी जाऊन पुन्हा पाहिले. आठशेंपैकी कोणाला आवाज नाही. मात्र कॉनरॅडने एक जागा ठेवली आहे. गोरे अधिकारी पळाले तरी सुकाणूवर दोन मलायी खलाशी तसेच उभे राहिले होते. चौकशीत त्यांना बोलावतात. एक म्हणतो, मला काहीच वाटले नाही. दुसरा म्हातारा. तो सांगतो, सुकाणू सोडण्याचा हुकूम नव्हता, मग सोडायचे कशाला? गोरे साहेब भीतीने पळाले असतील असे त्याला अजूनही खरे वाटत नाही, काही गुप्त कारण असेल. आणि मग तो एकाएकी आपण आजवर ज्यांच्याबरोबर काम केले त्या मेलेल्या कप्तानांची आणि जुन्या जहाजांची नावे घेत सुटतो. कोर्ट त्याला गप्प करते. बस, एवढेच. पण जी माणसे बोटीवर आयुष्य घालवून आली, त्यांनी म्हातारपणी ओसरीवर बसून अशीच नावे घेतलेली आपण ऐकली आहेत.

मुलीचा प्रश्न साहित्यातही विचारला गेला होता, हे मला मग कळत गेले. १९४८ च्या जूनमध्ये वेस्ट इंडीजचे लोक 'एम्पायर विंडरश' बोटीने इंग्लंडात उतरले, त्यानंतर तिकडून लेखकही येत राहिले. त्रिनिदादचा सॅम्युएल सेल्व्हन त्यांपैकी एक. 'द लोनली लंडनर्स' ही १९५६ ची कादंबरी तो प्रथम शुद्ध इंग्रजीत लिहू लागला आणि अडला. माणसे उभीच राहीनात. मग निवेदनही त्याने त्यांच्याच बोलीत केले आणि काही महिन्यांत पुस्तक पुरे झाले. ऑस्बर्नचा नायक रंगमंचावर ओरडत होता त्याच वर्षीची ही गोष्ट, पण माझ्या गाईडात सेल्व्हन नव्हता. १९६६ साली जीन ऱ्हिस या डॉमिनिका बेटावरच्या बाईने 'जेन आयर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोची तिच्या बाजूची कहाणी 'वाइड सारगॅसो सी'त लिहिली. आणि १९७५ साली नायजेरियाच्या चिनुआ अचेबेने कॉनरॅडवर सरळ वंशद्वेषाचा आरोप ठेवला: त्याच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्ये आफ्रिका हा नुसता पडदा आहे, माणसे नाहीत. तो आरोप मला पूर्णपणे मान्य करवत नाही, कारण तो सुकाणूवरचा म्हातारा कॉनरॅडनेच लिहिला आहे. पण आरोपात तथ्य नाही असेही म्हणवत नाही.

अब्दुलरझाक गुर्नाह यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे नाव मी प्रथम ऐकले. १९४८ साली झांजिबारमध्ये जन्म. १९६४ च्या क्रांतीनंतर तिथे राहणे कठीण झाले आणि तरुणपणीच ते इंग्लंडला आले. मायभाषा स्वाहिली. पुढे केंट विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. त्यांची 'पॅरडाइज' ही कादंबरी १९९४ ची. बाराएक वर्षांचा युसुफ नावाचा मुलगा, त्याच्या बापाने व्यापाऱ्याचे कर्ज घेतलेले, ते फिटत नाही म्हणून मुलगा व्यापाऱ्याबरोबर पाठवला जातो. मुलाला वाटते आपण काकांकडे पाहुणे चाललो. त्या व्यापाऱ्याचा काफिला आफ्रिकेच्या आतल्या भागात जातो, म्हणजे कॉनरॅडच्याच वाटेने. फरक एवढाच की इथे प्रत्येकाला नाव आहे, स्वभाव आहे, खोड्या आहेत. एक शीख मेकॅनिक आहे, एक हिंदी सावकारही आहे. किनाऱ्यावरच्या या लोकांना गुर्नाह देवदूत करीत नाहीत. गुलाम कोणी ठेवले, मुले कोणी गहाण घेतली, हे ते लपवत नाहीत, आणि वाचताना मला काही ठिकाणी पुस्तक खाली ठेवावे लागले. स्वाहिली शब्द त्यांनी तसेच ठेवले आहेत. परके शब्द तिरक्या टाइपात छापावेत, मागे अर्थ द्यावेत हा प्रकाशकांचा आग्रह त्यांना पसंत नाही. त्या भाषेत किताबु, दुनिया, हबारी हे शब्द आहेत. आपल्या मुलांना त्यांचा अर्थ द्यावा लागत नाही. जन्मात पहिल्यांदा मला एका इंग्रजी कादंबरीत ऑक्सफर्डच्या वाचकापेक्षा दोन-चार शब्द आधी कळले.

त्यांच्या २००१ च्या 'बाय द सी'मध्ये एक वृद्ध माणूस लंडनच्या गॅटविक विमानतळावर आश्रय मागायला येतो. त्याला इंग्रजी येते, पण येत नाही असे तो भासवतो. सामानात त्याने एका पेटीत ऊद आणला आहे. तपासणी करणारा अधिकारी पेटी उघडतो, वास घेतो आणि ठेवून घेतो. एवढ्या एका प्रसंगात व्यापार, दर्या, घर आणि गेलेले आयुष्य सगळे येते. गोष्ट इथेही मोडून सांगितली आहे, दोन माणसांच्या दोन आठवणी एकमेकींना खोडतात. ही पद्धत कॉनरॅडपासून चालत आलेली. तिचे हत्यार त्यांनी घेतले आणि तोंड फिरवले.

'पॅरडाइज'चा शेवट मी सांगत नाही. एवढेच सांगतो की तिथेही एका तरुणाला एका क्षणात काही ठरवावे लागते, आणि जिमची उडी ज्यांनी वाचली आहे त्यांना ती आठवेल.

त्या कादंबरीची एक प्रत मी गेल्या वर्षी मुंबईहून आणून वाचनालयात ठेवली आहे. सध्या ती त्याच मुलीकडे आहे. ती आता बारावीत आहे आणि तिचे वाचन सावकाश चालले आहे, कारण प्रत्येक पानावर ती काही तरी पेन्सिलीने लिहिते. ग्रंथपालांची त्याला हरकत आहे. मी त्यांना विनंती केली आहे की या एका प्रतीपुरते चालू द्यावे. पुढचा क्रमांक हवा असेल त्यांनी रजिस्टरात नाव नोंदवावे; मला वाटते सध्या यादीत तीन नावे आहेत, त्यांतले एक आपल्या चिटणिसांचे.